यकृताचा कर्करोग, जनुकांची साक्ष आणि महाकोशलातील रुग्ण

जगात २०२२ या एका वर्षात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी या रोगाने सुमारे ७ लाख ५८ हजार माणसे दगावली. या दोन आकड्यांमधील अंतर अत्यंत अल्प आहे. रोगाचे निदान आणि मृत्यू यांच्यामध्ये फारसा अवधी मिळत नाही, हा त्याचा सरळ अर्थ होय. कर्करोगामुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये या रोगाचा क्रमांक जगात तिसरा लागतो. त्यामुळे रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरांना जो पहिला प्रश्न विचारतात, तो बहुधा ‘आता किती दिवस?’ हाच असतो.

या प्रश्नाचे अधिक नेमके उत्तर देण्याचा एक मार्ग गेल्या दीड दशकात पुढे आला आहे. गाठीचा छोटा तुकडा घ्यावयाचा, शरीराच्या प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुके त्यात किती प्रमाणात कार्यरत आहेत हे मोजावयाचे आणि त्यावरून रुग्णाच्या जगण्याच्या कालावधीचा अंदाज बांधावयाचा, असा हा मार्ग आहे. प्रस्तुत लेखाचा लेखक वैद्यक नसून अर्थशास्त्राचा अभ्यासक आहे. तथापि, या अंदाजामागील सांख्यिकी अर्थशास्त्रातही वापरली जाते आणि अशा चाचणीवर खर्च करावा की नाही, हा प्रश्न तर निखळ अर्थशास्त्राचाच आहे. जबलपूर आणि त्याभोवतीचा महाकोशल प्रदेश डोळ्यांसमोर ठेवून या दोन्ही बाजूंचा येथे विचार केला आहे.

यकृताची सहनशीलता

आतड्यांतून निघणारे रक्त प्रथम यकृतात येते. त्याबरोबर अन्नातील असंख्य परके पदार्थ आणि जिवाणूंचे अंश येतात. प्रत्येक परक्या पदार्थावर प्रतिकारशक्तीने हल्ला चढविला, तर यकृत कायम सुजलेलेच राहील. म्हणून निसर्गाने या अवयवाला विलक्षण सहनशीलता दिली आहे. रॉय काल्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये डुकरांवरील प्रयोगांत दाखवून दिले की, रोपण केलेले परके यकृत प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे न देताही पुष्कळदा टिकून राहते. अन्य अवयवांच्या बाबतीत असे सहसा घडत नाही.

हीच सहनशीलता कर्करोगाच्या पथ्यावर पडते. गाठीतील रोगट पेशींना मारण्याचे काम मुख्यतः सीडी-८ प्रकारच्या टी पेशी करतात. या पेशींवर पीडी-१ नावाचा एक प्रकारचा ‘ब्रेक’ असतो. कर्करोगाची गाठ हा ब्रेक दाबून ठेवते, तसेच प्रतिकार शमविणाऱ्या पेशींना आपल्याकडे ओढून घेते. असे ब्रेक सोडविता येतात, या शोधाबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गाठीत मारक पेशी किती, शमविणाऱ्या किती आणि ब्रेक कितपत दाबलेला आहे, यावर रोगाची पुढील वाटचाल बऱ्याच अंशी अवलंबून असते, ही या संशोधनामागील मूळ कल्पना आहे.

हे मोजावयाचे कसे? मानवाच्या बहुतेक सर्व पेशींत प्रथिने तयार करणारी सुमारे २० हजार जनुके सारखीच असतात. कोणते जनुक किती जोमाने काम करते, यावर पेशीचा प्रकार ठरतो. काम करणारे जनुक ‘आरएनए’ नावाच्या रेणूच्या प्रती काढते आणि त्या प्रती मोजता येतात. बाजार समितीत कोणत्या मालाची किती आवक झाली, हे पाहून परिसरात काय पिकले याचा अंदाज जसा बांधता येतो, तसाच हा प्रकार आहे. सीडी-८ पेशींच्या जनुकाचा आरएनए भरपूर आढळला, तर त्या पेशी गाठीत पोहोचल्या आहेत असे अनुमान काढता येते.

गुणांक कसा तयार होतो?

जगण्याच्या कालावधीचा अभ्यास करताना एक अडचण नेहमी येते. काही रुग्ण अभ्यास संपेपर्यंत जिवंत असतात, तर काही मध्येच तपासणीला येणे बंद करतात. त्यांचा पूर्ण कालावधी आपल्याला कळत नाही. परंतु ते अमुक महिने तरी जगले एवढे निश्चित ठाऊक असते. ही अपुरी माहिती वाया जाऊ न देण्याची रीत कॅप्लन आणि मायर यांनी १९५८ मध्ये मांडली. पुढे १९७२ मध्ये डेव्हिड कॉक्स यांनी अनेक घटकांचा मृत्यूच्या जोखमीवरील परिणाम एकाच वेळी मोजणारे प्रतीपगमन विश्लेषण दिले. बेरोजगार माणसाला काम मिळेपर्यंत किती काळ जातो, याचा अभ्यास करताना अर्थशास्त्रज्ञही हीच साधने वापरतात.

यकृताच्या कर्करोगात या साधनांचा वापर पुढीलप्रमाणे होतो. प्रथम प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांची यादी घेतात. त्यांपैकी रुग्णाच्या जगण्याशी ज्यांचा संबंध दिसतो ती जनुके निवडतात. नंतर गणिती चाळणी लावून पाच, दहा किंवा पंधरा जनुके शिल्लक ठेवतात. प्रत्येक जनुकाला एक भार देतात आणि भार गुणिले मोजमाप यांची बेरीज करून प्रत्येक रुग्णाचा जोखीम गुणांक काढतात. मध्यकाच्या वर गुणांक असलेले अधिक जोखमीचे आणि खाली असलेले कमी जोखमीचे, असे रुग्णांचे दोन गट पडतात.

असे बहुसंख्य अभ्यास अमेरिकेतील ‘कॅन्सर जीनोम ॲटलास’ या प्रकल्पाच्या खुल्या माहितीवर आधारलेले आहेत. या प्रकल्पाने २०१७ मध्ये यकृताच्या कर्करोगाच्या ३६३ रुग्णांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यापूर्वी २०१२ मध्ये सिंगापूर येथील संशोधकांनी १४ प्रतिकारसंबंधित जनुकांचा संच मांडला आणि तो हाँगकाँग व झुरिच येथील रुग्णांवर पडताळून पाहिला. ज्यांच्या गाठीत ही जनुके सक्रिय होती, म्हणजे जेथे प्रतिकारपेशी आत शिरल्या होत्या, ते शस्त्रक्रियेनंतर अधिक काळ जगले. आणखी एक उद्‌बोधक अभ्यास २००८ मधील आहे. त्यात खुद्द गाठीतील जनुकांवरून जगण्याचा अंदाज बांधता आला नाही. मात्र गाठीशेजारच्या, वरकरणी कर्करोगमुक्त यकृतातील १८६ जनुकांवरून तो बांधता आला. यकृताचा कर्करोग सहसा आधीच आजारी असलेल्या यकृतात उद्‌भवतो. एक गाठ काढली तरी जमीन तीच राहते आणि तीत दुसरी गाठ उगवू शकते, हे या निष्कर्षाचे मर्म होय.

आकड्यांबाबत सावधगिरी

अशा गुणांकांवर विसंबण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. पहिली गोष्ट योगायोगाची. समजा, १,८०० जनुके घेतली आणि प्रत्येकाचा जगण्याशी संबंध आहे काय हे पाच टक्क्यांच्या प्रचलित कसोटीवर तपासले. प्रत्यक्षात एकाही जनुकाचा संबंध नसला, तरी सुमारे ९० जनुके निव्वळ योगायोगाने ‘महत्त्वाची’ ठरतील. रुग्ण तीन-चारशे आणि जनुके हजारो, अशा परिस्थितीत आकड्यांतून हवे ते चित्र काढणे अवघड नसते.

या धोक्याचा बोलका पुरावा बेल्जियममधील संशोधकांनी २०११ मध्ये दिला. त्यांनी स्तनांच्या कर्करोगाच्या माहितीवर असंबद्ध जनुकसंच वापरून पाहिले. जेवणानंतर हसण्याचा शरीरावर होणारा परिणाम दाखविणारा एक संचही त्यात होता. तोदेखील रुग्णांच्या जगण्याशी ‘सांख्यिकीय दृष्ट्या’ निगडित निघाला! पेशींच्या वाढीचा वेग हजारो जनुकांत एकाच वेळी उमटतो, त्यामुळे कोणतीही मूठभर जनुके उचलली तरी त्यांत त्याचे प्रतिबिंब पडते, हे त्यामागील कारण होते. म्हणून ज्या रुग्णांवरून गुणांक तयार केला, त्यांच्याखेरीज वेगळ्या रुग्णालयातील व वेगळ्या देशातील रुग्णांवर तो टिकतो काय, हीच खरी परीक्षा ठरते.

दुसरी गोष्ट नमुन्याची. जनुकांचे मोजमाप करण्यास गाठीचा तुकडा लागतो आणि असे तुकडे मुख्यतः शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांकडून मिळतात. म्हणजे ज्यांचा रोग शस्त्रक्रियेच्या आवाक्यात होता, त्यांचीच ही माहिती आहे. याउलट सिरॉसिस झालेल्या रुग्णात यकृताच्या कर्करोगाचे निदान पुष्कळदा सीटी स्कॅन किंवा एमआरआयवरूनच पक्के होते आणि तुकडा काढलाच जात नाही. उशिरा येणारा रुग्ण या चाचणीच्या कक्षेबाहेर राहतो.

तिसरी गोष्ट रोगाच्या कारणांची. हिपॅटायटिस-बी आणि सी हे विषाणू, मद्यपान, यकृतातील चरबी आणि बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष, अशी या रोगाची निरनिराळी कारणे आहेत आणि प्रत्येकाची प्रतिकारशक्तीवर उमटणारी छाप वेगळी असू शकते. प्रचलित गुणांक प्रामुख्याने अमेरिका, चीन आणि जपान येथील रुग्णांवरून बनले आहेत. मंडला किंवा डिंडोरी जिल्ह्यातील रुग्णास ते जसेच्या तसे लागू पडतील, असे गृहीत धरण्यास आधार नाही.

भविष्यकथन आणि उपचारांची निवड

येथे दोन प्रश्नांची गल्लत होऊ देता कामा नये. ‘हा रुग्ण किती जगेल?’ हा एक प्रश्न आणि ‘अमुक औषधाने या रुग्णाला लाभ होईल काय?’ हा दुसरा. प्रतिकारसंबंधित जनुकांचे बहुतेक गुणांक पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतात. समजा, अधिक जोखमीच्या गटात औषधाविना सरासरी सहा आणि औषधाने बारा महिने आयुष्य मिळते; कमी जोखमीच्या गटात औषधाविना चोवीस आणि औषधाने पंचवीस महिने मिळते. या काल्पनिक उदाहरणात वाईट गुणांकाच्या रुग्णालाच औषधाचा लाभ अधिक आहे. केवळ गुणांक पाहून ‘याच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही’ असे ठरविणारा रुग्णाचे नुकसान करील आणि पैशाचाही अपव्यय करील.

माहितीचे मूल्य ती निर्णय किती बदलते यावर ठरते, हे अर्थशास्त्रातील जुने तत्त्व आहे. गुणांक काहीही आला तरी उपचार तोच राहणार असेल, तर त्या चाचणीवरील खर्च रुग्णाच्या दृष्टीने व्यर्थ होय. शिवाय रक्ताच्या साध्या तपासण्या, जलोदर आहे की नाही, गाठींची संख्या व आकार यांवरून रुग्णाची अवस्था ठरविण्याच्या स्वस्त पद्धती डॉक्टरांपाशी आधीपासून आहेत. महागड्या जनुकचाचणीने त्यांच्यात मोलाची भर घातली पाहिजे. आजमितीस यकृताच्या कर्करोगात औषधाची निवड करण्यासाठी असा कोणताही जनुकगुणांक नेहमीच्या वापरात रूढ झालेला नाही.

मात्र दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारी चाचणी सापडली, तर तिचे मोल फार मोठे असेल. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत ५०१ रुग्णांचा समावेश होता. प्रतिकारशक्तीवरील ब्रेक सोडविणारे ॲटेझोलिझुमॅब आणि त्याच्या जोडीला बेव्हासिझुमॅब मिळालेले ६७ टक्के रुग्ण एका वर्षानंतर जिवंत होते. जुन्या सोराफेनिब या औषधाच्या गटात हे प्रमाण सुमारे ५५ टक्के होते. तथापि, नव्या औषधांनी गाठ लक्षणीय आकसली ती तीनांपैकी एकापेक्षाही कमी रुग्णांत. उपचारांपूर्वीच असे रुग्ण ओळखता आले, तर उरलेल्यांचा दुष्परिणामांचा त्रास आणि कुटुंबाचे कर्ज या दोहोंतून बचाव होऊ शकेल.

औषधाच्या किमतीचे महत्त्व किती आहे, हे सोराफेनिबच्याच उदाहरणावरून दिसते. २००८ मधील चाचणीत या औषधाने प्रगत अवस्थेतील रुग्णांचे मध्यक आयुष्य ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर नेले. भारतात बायर कंपनीच्या या औषधाचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजार रुपयांहून अधिक होता. मुंबई येथे पेटंट नियंत्रकांनी मार्च २०१२ मध्ये देशातील पहिला सक्तीचा परवाना नॅटको या हैदराबादच्या कंपनीला दिला आणि त्यानुसार महिन्याचा खर्च ८,८८० रुपयांवर आला. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१४ मध्ये हा परवाना कायम ठेवला. रुग्णाचे आयुष्य त्याच्या जनुकांइतकेच औषधाच्या किमतीवरही अवलंबून असते, याचे हे ठळक उदाहरण होय.

जबलपूरचे स्थान

१९५६ पूर्वी जबलपूर आणि नागपूर ही एकाच प्रांतातील शहरे होती. राज्यपुनर्रचनेने प्रशासन वेगळे झाले, तरी महाकोशलातील गंभीर आजाराचे रुग्ण सिवनीमार्गे नागपूरला जाण्याचा प्रघात सुटला नाही. दरम्यानच्या काळात जबलपूरमध्येही यंत्रणा उभी राहिली. नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच्याशी संलग्न राज्य कर्करोग संस्था तेथे आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८४ मध्ये तेथे आदिवासींच्या आरोग्याचे संशोधन केंद्र स्थापन केले. आज ते राष्ट्रीय जनजातीय आरोग्य संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. मलेरिया, क्षयरोग, सिकलसेल आणि फ्लोरोसिस या विषयांवरील त्याचे काम मोलाचे आहे.

यकृताच्या दृष्टीनेही हा प्रदेश दुर्लक्षणीय नाही. मध्य प्रदेशातील बैगा जमातीत काविळीच्या विषाणूंच्या खुणा तपासणारा अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला होता. अफ्लाटॉक्सिनचा धोका काय असतो, हे १९७४ साली राजस्थान-गुजरात सीमेवरील बांसवाडा आणि पंचमहाल भागातील आदिवासी गावांनी अनुभवले. अवकाळी पावसात भिजलेला बुरशीयुक्त मका खाऊन सुमारे चारशे लोक यकृताच्या विकाराने आजारी पडले आणि त्यांतील शंभराहून अधिक दगावले. असे विष अल्प प्रमाणात वर्षानुवर्षे पोटात जात राहिले, तर ते कर्करोगाला आमंत्रण देते. हिपॅटायटिस-बी असलेल्या माणसात हा धोका अनेक पटींनी वाढतो. मका आणि भुईमूग पिकविणाऱ्या व साठविणाऱ्या कोणत्याही भागाने हा धडा विसरता कामा नये.

भारतीय रुग्णांची स्वतंत्र जनुकीय माहिती जमविणे अशक्य नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम प्रकल्पात भारताने तोंडाच्या कर्करोगाची जबाबदारी घेतली आणि नवी मुंबईतील खारघर येथील ‘ॲक्ट्रेक’ व कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था यांनी २०१३ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा हजार भारतीयांच्या जीनोमची माहिती २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. मात्र ती माहिती रोगाच्या गाठीची नव्हे. शस्त्रक्रियेत काढलेले यकृताचे तुकडे जतन करणे, रोगाच्या कारणाची नोंद ठेवणे आणि प्रत्येक रुग्णाचा पाठपुरावा करणे, ही तीन कामे जबलपूर आणि नागपूर येथील संस्था एकत्रितपणे करू शकतील. यांतील तिसरे काम सर्वांत कठीण आहे. रुग्ण गावी परतल्यावर त्याचे काय झाले हे कळले नाही, तर जगण्याच्या कालावधीचे कोणतेही गणित मांडता येत नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून चाललेल्या देशातील पहिल्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने गावोगाव जाऊन हे काम कसे करावे, याचा पाठ घालून दिला आहे. रुग्णाची संमती आणि त्याच्या माहितीची गोपनीयता ही या कामाची पूर्वअट असली पाहिजे.

पहिला रुपया कोठे?

साधने मर्यादित असतात तेव्हा अग्रक्रम ठरवावा लागतो. तैवानने जुलै १९८४ मध्ये नवजात बालकांना हिपॅटायटिस-बीची लस देण्याचा देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. तेथे सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण १९८१-८६ या काळात दर लाखामागे ०.७० होते; १९९०-९४ या काळात ते ०.३६ वर आले. लसीने कर्करोग टळतो, याचा हा जगातील पहिला मोठा पुरावा मानला जातो.

भारतात ही लस २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली आणि २०११-१२ मध्ये संपूर्ण देशात लागू झाली. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत मिळणारी पहिली मात्रा यात निर्णायक असते, कारण आईकडून बाळाला होणारा संसर्ग तीच रोखू शकते. ज्या दुर्गम पाड्यांत प्रसूती अजून घरीच होतात, तेथे हीच मात्रा चुकते. जुलै २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि उपचार विनामूल्य उपलब्ध आहेत. हिपॅटायटिस-सी आता औषधांनी बरा होतो आणि हिपॅटायटिस-बी आटोक्यात ठेवता येतो. त्याच वर्षी आलेल्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबांना वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंत रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण दिले. तथापि, कर्करोग उशिरा सापडला, तर या संरक्षणाचाही पुरेसा उपयोग होत नाही.

यावरून खर्चाचा क्रम स्पष्ट होतो. जन्मतःच लस, विषाणूची तपासणी, धान्याची कोरडी साठवण आणि सिरॉसिसच्या रुग्णांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी यांवर पहिला रुपया खर्च व्हावा. जनुकसंशोधनासाठी त्यानंतरचा, परंतु निश्चित आणि सातत्याचा वाटा राखून ठेवावा; कारण ते आज सुरू केले नाही, तर दहा वर्षांनीही आपल्या रुग्णांचे भवितव्य परक्या आकड्यांवरूनच वाचावे लागेल. आणि असा गुणांक उद्या आपल्या रुग्णालयांत आला, तर तो रुग्णाला उपचार नाकारण्याचे साधन होऊ नये, अशी स्पष्ट तरतूद त्याच्या वापराच्या नियमांत असावी. अधिक जोखमीचा ठरलेला रुग्ण अधिक लवकर आणि अधिक वेळा तपासला जाईल, एवढी हमी मिळाली तरच या संशोधनाचा लाभ बैगा पाड्यावरील माणसापर्यंत पोहोचेल.